थेंबाचा हिशेब : न्हाणीघरातील गळकी तोटी घरच्या घरी कशी बदलावी

रात्री घर निजते, रस्त्यावरच्या मालमोटारींची वर्दळ मंदावते आणि न्हाणीघरातून एक बारीकसा आवाज ऐकू येऊ लागतो. टप... टप... टप. दिवसा तो कोणाच्या कानी पडत नाही. स्वयंपाकघरातील भांड्यांचा, मुलांच्या अभ्यासाचा, दारातल्या येण्याजाण्याचा गलबला त्याला झाकून टाकतो. रात्री मात्र तो आवाज एखाद्या न फेडलेल्या देण्यासारखा मनाला टोचत राहतो. घरातील वडीलधारी स्त्री उठते, तोटीखाली बादली सरकवते आणि ‘उद्या कोणाला तरी बोलावू’ असे म्हणत पुन्हा पाठ टेकते. तो ‘उद्या’ पुष्कळ घरांत महिनेच्या महिने उगवत नाही.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे असेच एक वर्दळीचे ठिकाण. जालना-मंठ्याकडून जिंतूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला सेलूचा रस्ता येथे येऊन मिळतो. बसची वाट पाहणारे प्रवासी, शेतमालाची वाहने, चहाची दुकाने आणि रस्त्याच्या कडेने वाढत गेलेली वस्ती, असे फाट्यांचे जे रूप मराठवाड्यात सर्वत्र दिसते, तेच येथेही आहे. अशा ठिकाणी किराणा मिळतो, औषध मिळते, वाहनाचे चाक दुरुस्त करून मिळते. पण न्हाणीघरातील एका तोटीसाठी नळकारागीर हवा असेल, तर सेलू किंवा जिंतूरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागते. कारागिराचाही दोष नसतो. एका लहानशा तोटीसाठी इतक्या दूर यायचे, तर त्याचा अर्धा दिवस मोडतो. म्हणून जे काम घरच्या माणसाला तासाभरात शिकता येते, ते शिकून घेणे हाच अशा गावांतला सरळ मार्ग होय.

टब नाही, पण टबाची तोटी आहे

पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडील न्हाणीघर म्हणजे शहाबादी फरशीची मोरी, पाण्याचे पिंप, तांब्याचा बंब आणि एक पितळी नळ एवढेच असे. आता खेड्यांतील नव्या घरांतही भिंतीत दडवलेल्या नळ्या, गरम व थंड पाण्याच्या दोन कळा, डोक्यावर फवारा आणि खाली बादलीसाठी एक रुंद तोंडाची तोटी अशी रचना दिसते. गंमत अशी, की या तोटीला दुकानदाराच्या यादीत आजही ‘बाथ टब स्पाउट’ असेच म्हणतात. तिचा जन्म पाश्चात्त्य घरांतील स्नानाच्या टबासाठी झाला. आपल्या घरात टब आला नाही. पण टबात पाणी सोडणारी तोटी मात्र आली आणि बादलीवर रुजू झाली.

या तोटीचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला साधा. त्यात पाणी फक्त वाहून खाली पडते. अडवण्याचे काम भिंतीतल्या कळा करतात. दुसऱ्या प्रकारात तोटीवर एक लहानशी खुंटी किंवा बटण असते. ते वर ओढले, की खालचा मार्ग बंद होऊन पाणी फवाऱ्याकडे चढते. या बटणाच्या तोटीला दुकानात ‘टिपटॉन स्पाउट’ असे नाव आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी टबावर जी तोटी असते, तीही बहुधा याच दुसऱ्या जातीची. तेथे कारागिराची मजुरी जड पडते, म्हणून तोटी बदलणे हे घरमालकाचेच काम मानले जाते. देवगाव फाट्याला कारागीर जवळ नाही आणि परदेशात तो परवडत नाही. कारणे निराळी असली तरी दोन्हीकडची गरज एकच आहे.

एका थेंबाची किंमत

‘थेंबच तर आहे,’ असे म्हणणाऱ्याने एकदा हिशेब मांडून पाहावा. नळातून पडणाऱ्या साधारण चार हजार थेंबांचा एक लिटर होतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर चोवीस तासांत ८६,४०० थेंब पडतात. म्हणजे दिवसाला सुमारे साडेएकवीस लिटर पाणी जाते. महिन्याला हे पाणी सुमारे ६५० लिटर भरते. दोनशे लिटरची तीन मोठी पिंपे भरून वर दोन-तीन बादल्या उरतील इतके ते असते. वर्षाचा आकडा ७,८०० लिटरच्या पुढे जातो.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर केलेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे. त्या मापाने पाहिले, तर सेकंदाला एक थेंब गाळणारी तोटी एका माणसाच्या वाट्यातील पाचांपैकी जवळजवळ दोन भाग रोज मोरीत सोडून देते. घरात चार माणसे असतील, तर ही गळकी तोटी म्हणजे जणू पाचवे, अर्धवट तहानेचे माणूस. जे दिवसरात्र पाणी पिते आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

आपल्या घरची गळती नेमकी किती, हे मोजणेही अवघड नाही. तोटीखाली स्वयंपाकघरातील मापाचे भांडे पंधरा मिनिटे ठेवावे. जमलेल्या पाण्याला ९६ ने गुणले, की दिवसाचा आकडा निघतो. तो आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. ‘उद्या पाहू’ म्हणणाऱ्यांना तो रोज दिसला, तर दुरुस्तीचा मुहूर्त लवकर सापडतो.

मराठवाड्याला पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. निम्न दुधना प्रकल्प सेलू तालुक्यातच आहे, पूर्णेवरचे येलदरी धरण जिंतूरच्या बाजूला आहे; तरीही ओळीने दोन पावसाळे चुकले, की विहिरी तळ दाखवतात आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लागतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहरासाठी थेट मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गाडीच्या पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. हा पाच लाखांचा आकडा लक्षात ठेवावा. कारण त्याच्याशी जुळणारा एक दुसरा आकडा मुंबईजवळच्या एका उपनगरात, कोणत्याही रेल्वेविना, उभा राहिला.

मीरा रोडचा रविवार

आबिद सुरती हे नाव वाचकांच्या जुन्या पिढीला ‘धर्मयुग’ साप्ताहिकातील ‘ढब्बूजी’ या व्यंगचित्रमालेमुळे परिचित आहे. १९३५ साली जन्मलेल्या या लेखक-चित्रकाराने २००७ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, एक अत्यंत साधे काम हाती घेतले. मित्राच्या घरी गळणारा नळ पाहून त्यांना चैन पडेना. गळतीतून महिन्याला हजार लिटर पाणी वाया जाऊ शकते, हे त्यांच्या वाचनात आले. तेव्हा त्यांनी दर रविवारी एका नळकारागिराला सोबत घेऊन मीरा रोड येथील इमारतींत घरोघर जाण्यास आरंभ केला. दार ठोठवायचे, ‘आपल्याकडे एखादा नळ गळतो का?’ असे विचारायचे आणि गळत असेल तर तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा, एवढाच त्यांचा उपक्रम. उत्तर प्रदेशातील हिंदी साहित्य संस्थेकडून मिळालेल्या एक लाख रुपयांच्या पुरस्कारातून त्यांनी या कामाचा खर्च भागवला. ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ असे नाव धारण करणारी ही संस्था बराच काळ एका माणसाचीच होती.

पहिल्या वर्षात ते १,६६६ घरांत गेले आणि ४१४ गळके नळ त्यांनी दुरुस्त करून घेतले. त्यातून सुमारे ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचल्याचा हिशेब त्यांनी मांडला. लातूरला गेलेल्या पहिल्या गाडीतील पाण्याच्या हा आकडा फारसा मागे नाही. एकीकडे इंजिन, वाघिणी आणि शेकडो किलोमीटरचा लोहमार्ग. दुसरीकडे एक वृद्ध माणूस, एक कारागीर आणि पिशवीतले काही वायसर. दुष्काळात पाणी पोचवणे अर्थातच अपरिहार्य होते. परंतु जे पाणी घरात पोचले आहे, ते घरातच राखणे हे किती स्वस्त असते, हे या दोन आकड्यांच्या तुलनेतून कळते.

हा प्रश्न केवळ पाणीटंचाईच्या प्रदेशाचा आहे, असेही नव्हे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘वॉटरसेन्स’ या उपक्रमाच्या अंदाजानुसार तेथील सरासरी कुटुंबात घरातील गळतीपायी वर्षाला सुमारे दहा हजार गॅलन, म्हणजे जवळजवळ अडतीस हजार लिटर पाणी वाया जाते. त्यासाठी तेथे दर मार्च महिन्यात गळती दुरुस्तीचा एक सप्ताह पाळला जातो.

अनर्थदंडाचा विचार

पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्या घरांना या विषयाकडे आणखी एका दृष्टीने पाहता येईल. विहिरीवर पाणी गाळल्यानंतर गाळणीवरील जिवाणी पुन्हा त्याच पाण्यात अलगद सोडणाऱ्या आज्या अनेकांनी पाहिल्या असतील. पाणी ही निर्जीव वस्तू नसून अप्काय जीवांचा समूह आहे, ही धारणा त्या कृतीमागे होती. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ या ग्रंथात अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्येचा निर्देश आहे. काही प्रयोजन नसताना भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे हे तिचे स्वरूप. गरजेपुरते पाणी वापरणे गृहस्थाला चुकत नाही. पण ज्या पाण्याने ना तहान भागली, ना स्नान झाले, ना झाड जगले, असे पाणी केवळ आळसापोटी वाहू देणे हे प्रयोजनहीन होय. गाळण्याची काळजी घेणाऱ्या घरात गळण्याची उपेक्षा व्हावी, हे शोभत नाही.

आधी निदान, मग पाना

तोटी बदलण्यापूर्वी दोष खरोखर तोटीचाच आहे काय, हे पाहिले पाहिजे. पुष्कळदा लोक नवी तोटी आणून बसवतात आणि रात्री तोच ‘टप टप’ आवाज पुन्हा ऐकतात. याचे कारण निदानात चूक झालेली असते. तीन लक्षणे ध्यानात ठेवली, तर ही चूक टळते.

पहिले लक्षण असे : दोन्ही कळा घट्ट बंद असतानाही तोटीच्या तोंडातून थेंब पडत राहतात. येथे तोटी निर्दोष असते. पाणी अडवण्याचे काम कळेच्या आतील वायसर, स्पिंडल किंवा नव्या धर्तीच्या कळांत कार्ट्रिज करत असते. तेच झिजलेले असते. अशा वेळी तोटी न बदलता कळ दुरुस्त करावी. मात्र बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटे थोडे पाणी ठिबकून थांबत असेल, तर ते नळीत व फवाऱ्यात राहिलेले पाणी असते. तो दोष नव्हे.

दुसरे लक्षण : बटण वर ओढून फवारा सुरू केला, तरी निम्मे पाणी खालच्या तोटीतूनच वाहते, किंवा बटण वर टिकतच नाही. हा तोटीच्या आतील पडद्याचा व रबराचा झिजलेपणा होय. त्याचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत. येथे तोटी बदलणे हाच उपाय.

तिसरे लक्षण सर्वांत धोक्याचे : पाणी तोटीच्या तोंडातून न येता भिंतीला टेकलेल्या चकतीमागून ओघळते. तोटी व भिंतीतील नळी यांच्या आट्यांची पकड सुटलेली असते. हे पाणी डोळ्यांना थोडे दिसते आणि भिंतीत अधिक मुरते. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येणे, रंगाचे पोपडे सुटणे, त्या भिंतीत विजेची तार असेल तर धोका उद्भवणे, हे सारे येथून सुरू होते. अशा तोटीला ‘उद्या’ देऊ नये.

तोटी लवकर का झिजते, याचेही उत्तर आपल्या भूमीत आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकाचा. विंधन विहिरीचे पाणी या खडकातून येताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणते. भारतीय मानक १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत ती चालवून घेतली जाते. पाणी जड असेल, तर तोटीच्या तोंडावर पांढरा थर बसतो, बटण अडकू लागते, रबर खरखरीत होऊन फाटते. म्हणून बटण नुसते जड झाले असेल, तर तोटी टाकून देण्यापूर्वी एक उपाय अवश्य करावा. लहान पिशवीत लिंबाचा रस किंवा कोमट पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्व घेऊन ती पिशवी तोटीच्या तोंडाला बांधावी व अर्धा-पाऊण तासाने जुन्या दात घासण्याच्या ब्रशने थर घासून काढावा. फरशी धुण्याचे जहाल आम्ल मात्र कधीही वापरू नये. ते क्षाराबरोबर तोटीवरचा चकचकीत मुलामाही खाऊन टाकते.

जुनी तोटी हेच खरे माप

नवी तोटी आणण्यासाठी सेलूच्या किंवा जिंतूरच्या बाजारात जायचे असेल, तर शक्यतो जुनी तोटी काढून सोबत न्यावी. तोटीचे माप बहुतेक घरांत अर्ध्या इंचाचे असते. परंतु बसवण्याच्या रीती निराळ्या असतात. काही तोट्यांना आतून आटे असतात आणि त्या भिंतीतून बाहेर आलेल्या निपलवर बसतात. काहींना बाहेरून आटे असलेली स्वतःची नळी असते आणि ती भिंतीतील एल्बोमध्ये जाते. काही थोड्या तोट्या, विशेषतः परदेशी घरांत, आट्यांऐवजी खालच्या बाजूच्या एका बारीक स्क्रूने नळीवर आवळलेल्या असतात. हे शब्दांत सांगत बसण्यापेक्षा जुनी तोटी दुकानदाराच्या हाती देणे सोपे. फेरी एकच होते आणि बसचे भाडे वाचते. मात्र तोटी काढलेली असताना भिंतीतील तोंड उघडे राहील, म्हणून अर्ध्या इंचाचे एक प्लॅस्टिकचे बूच आधीच घरात आणून ठेवावे. ते लावले, की टाकीचे पाणी पुन्हा सुरू करता येते आणि घर अडून राहत नाही.

तोटी निवडताना चकाकीपेक्षा वजन पाहावे. पितळेची भरीव तोटी हाताला जड लागते. हलक्या मिश्रधातूची तोटी दिसायला तितकीच सुंदर असली, तरी जड पाण्यात लवकर पोखरते. ज्यांना पितळेचा खर्च नको असेल, त्यांना चांगल्या प्रतीच्या प्लॅस्टिकची तोटी हा प्रामाणिक पर्याय आहे. ती गंजत नाही, फक्त आवळताना तिला जपावे लागते. भिंतीला टेकणारी चकती तोटीसोबत आहे ना, आणि बटण सहज वर-खाली होते ना, हे दुकानातच तपासावे. त्याच वेळी टेफ्लॉनच्या पांढऱ्या पट्टीचे एक बंडल घ्यावे. जुने कारागीर आटे भरण्यासाठी सूत व सफेदा वापरत. आज ते काम ही पट्टी करते. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला अनपेक्षितपणे सापडला. काहीही न चिकटणारा हा पदार्थ आट्यांना वंगण देतो आणि त्यांच्यामधल्या फटीही भरून काढतो.

प्रत्यक्ष काम

काम सकाळच्या उजेडात, घरातील स्नाने आटोपल्यावर आणि दुकाने उघडी असताना हाती घ्यावे. रात्री आठ वाजता तोटी काढली आणि आतील तुकडा मोडला, तर सबंध घराचे पाणी सकाळपर्यंत बंद राहते.

प्रथम गच्चीवरील टाकीचा न्हाणीघराकडे येणारा कॉक बंद करावा. गिझरचे विजेचे बटण बंद करावे. सौर बंब असेल, तर त्याचा गरम पाण्याचा कॉकही आठवणीने बंद करावा. दुपारच्या उन्हात तापलेले ते पाणी हात भाजण्याइतके कढत असते. त्यानंतर न्हाणीघरातील कळा उघडून नळीतील पाणी वाहून जाऊ द्यावे. हे पाणी बादलीत धरावे. मोरीच्या जाळीवर एक जुने फडके पसरावे, म्हणजे हातातून सुटलेला वायसर वा स्क्रू गटारात जाणार नाही.

तोटीच्या खालच्या बाजूस बारीक स्क्रू आहे काय, हे बोटाने चाचपून पाहावे. असल्यास तो आधी सैल करावा. नसल्यास तोटीला जाडसर फडके गुंडाळून दोन्ही हातांनी ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावी. बहुतेक तोट्या हातानेच सुटतात. न सुटल्यास फडक्यावरून पाना लावावा. पण जोर हळूहळू वाढवावा, हिसका कधीही देऊ नये.

या सबंध कामात खरा धोका असेल, तर तो येथेच आहे. नव्या घरांत भिंतीतील नळ्या सीपीव्हीसी प्लॅस्टिकच्या असतात आणि फक्त टोकाच्या एल्बोमध्ये पितळी आटे बसवलेले असतात. तोटीबरोबर तो एल्बोच फिरू लागला, तर भिंतीच्या आत तडा जातो आणि मग फरशा फोडल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. जुन्या घरांतील लोखंडी नळ्यांत गंजलेला निपल आतच मोडतो. म्हणून तोटी फिरताना भिंतीत काही हलल्यासारखे वाटले, करकर आवाज आला, किंवा बेताच्या जोराने ती सुटली नाही, तर त्याच क्षणी थांबावे आणि कारागिराची वाट पाहावी. थांबण्यात कमीपणा नाही. एका फरशीची किंमत कारागिराच्या फेरीपेक्षा अधिक असते.

तोटी निघाल्यावर आट्यांतील जुनी पट्टी, सूत व क्षार ब्रशने घासून काढावेत. मोबाईलच्या उजेडात आटे न्याहाळावेत. ते झिजलेले वा चिरलेले असतील, तर निपल बदलावा लागतो. ते स्वच्छ व धारदार असतील, तर बाहेरून आटे असलेल्या टोकावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी. टोक आपल्याकडे तोंड करून धरले, तर पट्टी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची; उलट गुंडाळली, तर तोटी फिरवताना ती उलगडून बाहेर येते. पट्टी ताणून, आठ-दहा वेढे द्यावेत. पहिला आटा थोडा मोकळा ठेवावा, म्हणजे सुरुवातीची पकड नीट बसते व पट्टीचे तुकडे आत जात नाहीत.

मग चकती बसवून नवी तोटी हाताने फिरवावी. पहिले दोन-तीन फेरे अगदी सहज फिरले पाहिजेत. अडखळत असतील, तर आटे तिरके बसत आहेत असे समजावे आणि पुन्हा सुरुवात करावी. हात थांबला, की फडक्यावरून पान्याने अर्धा फेरा, फार तर थोडा अधिक द्यावा. तोटीचे तोंड बरोबर खाली यावे, यासाठी तो शेवटचा फेरा राखून ठेवायचा असतो. तोंड खालच्या रेषेच्या पुढे गेले, तर तोटी मागे फिरवण्याचा मोह होतो. तो आवरावा. मागे फिरवलेली तोटी आज कोरडी दिसली, तरी पुढे हमखास पाझरते. अशा वेळी ती पूर्ण काढून, नव्या पट्टीने पुन्हा बसवावी.

चकती व भिंत यांमधील फट पांढऱ्या सिलिकॉनने वरून व दोन्ही बाजूंनी बुजवावी; खालच्या बाजूस मात्र बोटभर फट मोकळी ठेवावी. पुढे कधी आट्यांतून पाणी झिरपले, तर ते भिंतीत न मुरता त्या फटीतून खाली दिसेल. दोष दडवणाऱ्या सफाईपेक्षा दोष दाखवणारी फट अधिक उपकारक असते.

शेवटी टाकीचा कॉक हळूहळू उघडावा. प्रथम हवा व थोडा गाळ बाहेर पडेल. मग चकतीभोवती कोरडा कागद फिरवावा. तो कोरडाच राहिला, तर जोड पक्का बसला. बटण ओढून फवारा सुरू करून पाहावा. दहा मिनिटांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी हीच परीक्षा घ्यावी. मग तीच पंधरा मिनिटांची मोजणी पुन्हा करावी आणि दिनदर्शिकेवरील जुन्या आकड्यापुढे नवा आकडा लिहावा. तो शून्य असावा.

घरातील कोणीही

हे काम पुरुषांचेच, असा एक समज आहे. वास्तविक घरातील पाण्याची खरी जाण स्त्रीला असते. टँकर कधी आला, पिंप कितपत भरले, बादली किती वेळा उपसली, हे तिलाच ठाऊक असते. या कामाला बळापेक्षा सबुरी अधिक लागते. सून पाना धरेल, नातू उजेड दाखवील आणि सासूबाई कागद फिरवून कोरडेपणाची ग्वाही देतील, तर एका तासात तोटी बदलून होते आणि मुलाच्या हाती आयुष्यभर पुरेल असे एक कौशल्य येते. काढलेली पितळी तोटीही फेकून देऊ नये. भंगारात तिला वजनावर भाव मिळतो आणि धातू पुन्हा उपयोगात येतो.

जिंतूरजवळील नेमगिरीच्या डोंगरातील प्राचीन गुहामंदिरांकडे जाणारे कितीतरी यात्रेकरू देवगाव फाट्यावरून पुढे जातात. वाटेत चहासाठी थांबतात, पाण्याची बाटली भरून घेतात. ती बाटली भरण्याइतके पाणी कोणाच्या तरी गळक्या तोटीतून तासा-दीड तासात निघून जात असते. धरण बांधणे, नदी वळवणे, गाडीने पाणी आणणे ही कामे सरकारची आणि समाजाची आहेत, आणि ती झालीच पाहिजेत. पण न्हाणीघराच्या भिंतीपासून बादलीपर्यंतचे वीतभर अंतर हे प्रत्येक घराचे स्वतःचे क्षेत्र आहे.

रात्री पुन्हा घर निजेल. मालमोटारींची वर्दळ मंदावेल. तोटीखालची बादली कोरडी असेल आणि न्हाणीघर निःशब्द. त्या शांततेत थोर असे काही नाही. कोणाच्या तरी उद्याच्या वाट्याचे साडेएकवीस लिटर पाणी टाकीत जागच्या जागी आहे, एवढेच.